दस्तीखालचा भाव

किसनतात्यांनी आयुष्यात एकही भाव तोंडाने सांगितला नाही. नांदूरघाटात आणि आसपासच्या बैलबाजारांत त्यांना ओळखणारी माणसं याची साक्ष देतील. कुणी किंमत विचारली की तात्या खांद्यावरची दस्ती काढत. दस्ती म्हणजे इकडचा टॉवेल. ती विचारणाऱ्याच्या हातावर टाकत आणि तिच्याखाली आपला उजवा हात घालून त्याची बोटं धरत. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, यावरून समोरच्याने काय ते समजायचं. बाहेर उभ्या असलेल्यांना फक्त दोन चेहरे दिसत. त्यातला एक हळूहळू उतरत जाई. तो तात्यांचा नसे.

बैलबाजारात ही रीत जुनी आहे. हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, ती सगळेच पाळत. तात्यांनी ती बाजाराबाहेरही नेली. दारावर आलेल्या केळीवाल्याशी ते दस्तीखाली बोलत. केजच्या एका डॉक्टरांनी भरलेल्या दवाखान्यात तपासणीची फी मोठ्याने सांगितली, तेव्हा तात्यांनी आजूबाजूच्या रुग्णांकडे एकदा पाहिलं आणि डॉक्टरांचा हात दस्तीखाली घेतला. डॉक्टरांनी त्यांची नाडी मोजली. ती नेहमीपेक्षा शांत होती, असं ते नंतर सांगत.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. "भाव तोंडातून गेला की त्याला पाय फुटतेत. पाय फुटलेला भाव परत दावणीला येत न्हाई."

मी त्या वेळी केजहून एका जिल्हा दैनिकासाठी बातम्या पाठवत असे. दर आठवड्याला बाजारभावाचा एक चौकोन भरावा लागे, आणि बैलांच्या भावासाठी तात्या हे खात्रीलायक सूत्र असल्याचं मला सांगण्यात आलं होतं. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात दस्तीखाली घेतला, दोन-तीनदा दाबला आणि सोडून दिला. मला काही कळलं नाही. भोवती माणसं उभी असल्यामुळे तसं म्हणण्याची सोयही नव्हती. त्या आठवड्यात आमच्या दैनिकात बैलजोडीचा भाव बोकडाच्या भावापेक्षाही कमी छापून आला. पुढच्या बाजारी तात्या ते कात्रण दस्तीत गुंडाळून घेऊन आले.

"पत्रकार," ते म्हणाले, "ह्या भावानं चार जोड्या मलाच घेऊन द्या."

मग त्यांनी मला लिंबाखाली बसवून बोटं शिकवली. पुढे आमचा चौकोन बिनचूक येऊ लागला, आणि माझं त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं.

तात्या उंच, सडपातळ, ताठ चालणारे. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला काही नाही. केस पूर्ण पांढरे होते, मिशा पूर्ण काळ्या. हे कसं, असा प्रश्न घरात कुणी काढत नसे. पार्वतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर पंधरवड्याला एक जुना ब्रश घासून उन्हात वाळत घालत, एवढं मात्र पाहिलेलं आहे.

त्यांच्या बोलण्यात एक सिद्धांत पुन्हा पुन्हा येई. बैलाचं वय दातावरून कळतं. अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की बैल जुळला असं म्हणतात. जुळेपर्यंत भाव चढतो, जुळला की उतरायला लागतो. हे प्रत्येक हेडीला ठाऊक असतं. तात्यांचा सिद्धांत याच्या पुढचा होता. "जनावर आपल्याला आवडतंय तवर इकावं. आपल्याला नको झालं की गिऱ्हाइकाला वास येतो."

त्यांच्याकडे हरण्या नावाचा एक खिलार बैल होता. तात्यांच्या पावलाचा आवाज आला की तो रवंथ थांबवी. काकू त्याला भाकरी दिल्याशिवाय जेवत नसत. सहा दाती असताना, गावात त्याची चर्चा अगदी जोरात असताना, तात्यांनी तो विकला.  संध्याकाळी काकू म्हणाल्या, "मीबी तुमाला आवडते. मला कवा न्यायची बाजारात?" तात्या म्हणाले, "तुजं दात मोजू देत न्हाईस. भाव कसा ठरवू?" यावर काकूंनी जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

हरण्याचं दावं, म्हणजे त्याला बांधायचा दोर, तेवढं घरी राहिलं. विकलेल्या जनावराचं दावं विकणारा कधी देत नाही. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं असतं. दावं दिलं तर दावणीची लक्ष्मी त्याच्या मागे जाते, अशी समजूत आहे. तात्यांच्या ओसरीत एका लाकडी खुंटीवर अशी दावी एकावर एक लटकलेली असत. पाहुणे आले की तात्या एखादं दावं हातात घेऊन त्या बैलाचं गुणवर्णन करत. ऐकणाऱ्याला वाटावं, बैल परसात बांधलेला आहे.

दुसरी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे ती उपयोगी पडते. एका बैलाच्या पाठीवर अशुभ मानला जाणारा भोवरा होता. त्यामुळे तो कुणी घेईना. भोवऱ्यावरचे केस चिकटवून बसवण्याची युक्ती बाजारात सगळ्यांना माहीत होती. तात्यांनी ती वापरली नाही. ते बैल घेऊन थेट गायकवाड गुरुजींच्या शेतावर गेले. गुरुजी बौद्ध, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शुभ-अशुभ या विषयावर ते न विचारताही तासभर बोलत. तात्यांनी स्वतःच्या हाताने केस बाजूला करून भोवरा दाखवला आणि लोक काय म्हणतात तेही सांगितलं. गुरुजींनी बैल घेतला, आणि नडलेल्याकडून भाव पाडून घेतात तसा न घेता चांगल्या भावाने घेतला, कारण भाव पाडून मागणं म्हणजे भोवरा मानल्यासारखं झालं असतं. तो बैल गुरुजींकडे नीट राबला. "खोड जनावरात नसती," तात्या म्हणत. "गिऱ्हाइकाच्या डोळ्यात असती. डोळे बदलून बघावेत."

तात्यांचा मुलगा विलास याला बैलांत रस नव्हता. त्याचे खडी क्रशर होते, आणि मोठ्या रस्त्याचं काम आल्यावर ते दिवसरात्र चालू लागले. त्या भरात त्याने पुण्याहून एक गाडी आणली. पिवळी धमक, दोन दारं, दोन सीट, उंची तात्यांच्या कमरेइतकी. तिचा आवाज गावाच्या वेशीवर आला तेव्हा पारावरची माणसं क्रशरचा पट्टा तुटला असं समजून उठली होती.

तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं हाताने चाचपली आणि पुढचं झाकण उघडायला लावलं. आत इंजिन नव्हतं. सामान ठेवायचा एक खड्डा होता. इंजिन मागे असतं, असं विलासने सांगितलं. तात्यांनी विचार केला. "म्हंजे ह्याच्या तोंडात दात न्हाईत," ते म्हणाले. "पोटात हायेत. मग वय कशावरून सांगायचं?"

गाडी घरापर्यंत पोचायला त्या दिवशी बराच वेळ लागला. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर गावातून भरधाव जातात अशी तक्रार होती, म्हणून ग्रामपंचायतीने गतिरोधक मंजूर केले होते. कंत्राट विलासकडेच होतं. कामात कुचराई झाली असं कुणी म्हणू नये म्हणून त्याने ते भरपूर उंच केले होते. पहिल्याच गतिरोधकावर गाडी पोटावर टेकली आणि चाकं नुसती फिरत राहिली. माणसांनी उचलून ती पलीकडे ठेवली. तेव्हापासून गाडीच्या मागे एक पिकअप असे आणि पिकअपमध्ये दोन लांब फळ्या. गतिरोधक आला की फळ्या टाकायच्या, गाडी चढवायची, उतरवायची, फळ्या उचलायच्या. वेग जास्त असल्यामुळे घेतलेल्या या गाडीला गाव ओलांडायला बैलगाडीपेक्षा जास्त वेळ लागतो, ही गोष्ट तात्यांनी बोलून दाखवली नाही. ते फक्त प्रत्येक वेळी ओसरीतून उठून पाहायला येत.

लग्नसराई आली आणि गाडी गावाची झाली. ज्याच्या त्याच्या वरातीला ती हवी. विलासला मित्रांना नाही म्हणता येत नसे. एका सीटवर चालवणारा, दुसऱ्यावर नवरदेव. नवरदेवाशेजारी बसण्याचा मान असलेल्या करवलीला जागाच नव्हती. एका करवलीने पुढच्या खड्ड्यात बसण्याची तयारी दाखवली होती, तिला मोठ्या माणसांनी समजावलं. दोन हंगामांत गाडीच्या सीटला हळद लागली. अक्षता तर गाडीत जिथे जिथे फट आहे तिथे तिथे गेल्या.

तात्यांचं काय झालं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण ते रोज सकाळी दस्तीने ती गाडी पुसत. पुसून झाली की चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसत, दार लावून घेत, आणि चहा तिथेच मागवत. एकदा मी काचेतून पाहिलं, तर मांडीवर दस्ती होती आणि हात तिच्याखाली होता. समोर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला विलासची बायको अनिता हिने सासऱ्यांना चहा देताना एक साधा प्रश्न विचारला. ती गरोदर होती. "मामंजी, गाडीत दोघं बसतेत. माघात आमी तिघं होणार. तिसऱ्याला पिकअपमध्ये फळ्यांवर बसवायचं का?"

ही गाडी देऊन बाळ येण्याआधी मोठी, उंच गाडी घ्यायची, असं त्या दिवशी ठरलं. कधी द्यायची यावर मात्र बाप-लेकांचं जमेना. विलासला दिवाळीनंतरचा हंगाम हवा होता. एका जिवलग मित्राचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. तात्यांनी त्याला पुण्याच्या शोरूमला फोन लावायला सांगितला आणि सगळं बोलणं स्पीकरवर ऐकलं. कंपनीची वॉरंटी दिवाळीला संपत होती. वॉरंटी असेपर्यंत अदलाबदलीत चांगली किंमत मिळते, संपली की एकदम खाली येते. शिवाय या गाडीचं नवं मॉडेल दिवाळीनंतर येणार, अशी कुणकुण होती. ते आलं की जुनं कुणी विचारत नाही.

तात्यांनी फोन ठेवायला सांगितला. त्यांच्या चेहऱ्यावर परक्या मुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्याचा आनंद होता. "वॉरंटी म्हंजे दात," ते म्हणाले. "दिवाळीला जुळणार. आन नवं वाण बाजारात यायलंय. दसऱ्याला द्यायची."

विलास म्हणाला, गाडी अजून नव्यासारखी आहे, घाई कशाला. तात्या म्हणाले, "नव्यासारखी हाय म्हणूनच. तुला आवडती न्हवं? मग हीच येळ हाय."

त्यांनाही आवडते, हे तेव्हा कुणी म्हटलं नाही.

सगळं ठरल्यावर तात्यांनी जे केलं, त्याला बैलबाजारात तयारी म्हणतात. विकायच्या बैलाची शिंगं साळतात, रंगवतात, अंगाला तेल लावतात. त्यात फसवणूक नसते. घेणाऱ्याचा तो मान असतो. गाडीच्या पुढच्या झाकणावर काही ओरखडे होते. एक शेळी तिथे चढून लिंबाचा पाला खात असे, तिच्या खुरांचे. तात्यांनी गफूरभाईंना बोलावलं. गफूरभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या आणि पोळ्याला शिंगं रंगवत. त्यांनी उन्हात बसून पिवळा रंग जुळवला आणि ओरखड्यांपुरता न मारता सगळं झाकण रंगवलं. वर दोन हात जुन्या मैत्रीखातर जास्तीचे दिले. "तात्या," ते म्हणाले, "कंपनी पतला मारती. मैं मोटा मारा हूं. ह्यो रंग तुमच्या नातवाच्या लग्नापतूर हलायचा न्हाई."

काम खरोखर उत्तम होतं. झाकण बाकीच्या गाडीपेक्षा जास्त चकाकत होतं.

दसऱ्याच्या आधी पुण्याला निघालो. गाडीत विलास आणि तात्या, मागे पिकअपमध्ये मी आणि फळ्या. मला पुण्यात दुसरं काम होतं. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. खांद्यावर घडीची नवी दस्ती होती. मिशा ताज्या काळ्या होत्या.

शोरूममध्ये गाडी तपासायला एक तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब आणि काडेपेटीएवढं एक यंत्र. ते यंत्र तो गाडीच्या अंगाला लावी, आकडा वाची आणि टॅबवर टिपी. दार, छप्पर, मागची बाजू, सगळीकडे जवळपास एकच आकडा येत होता. तात्या बारकाईने पाहत होते. जनावराची फासळी चाचपणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर असे. मग त्याने यंत्र पुढच्या झाकणाला लावलं. त्याने आकडा वाचला, यंत्र पुसलं, पुन्हा लावलं.

"अपघात कधी झाला होता?" त्याने विचारलं.

अपघात झालाच नाही, असं विलासने सांगितलं. तरुणाने शांतपणे समजावलं की हे यंत्र रंगाची जाडी मोजतं. कंपनीचा रंग पातळ असतो. इथे तो कितीतरी जाड आहे, म्हणजे झाकण ठोकून, भरून, पुन्हा रंगवलेलं आहे. तात्या पुढे आले. "अपघात न्हाई सायेब. शेळी," ते म्हणाले. तरुणाने शेळीला धडक बसली असं टिपून घेतलं. शेळी वर चढत होती, असं विलासने सांगितल्यावर त्याने लिहिणं थांबवलं आणि तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. नुसते ओरखडे असते तर फारसं बिघडलं नसतं, तो म्हणाला. कंपनीचा रंग ओरखड्यांसकट चालतो. रंगवलेली गाडी मात्र संशयाची.

मग तो आत बसला आणि त्याने एसी पूर्ण जोरात सुरू केला. समोरच्या जाळ्यांतून लाल-पिवळ्या अक्षता उसळल्या आणि त्याच्या केसांवर, शर्टावर, टॅबवर पडल्या.  गाडी भाड्याने दिली जात होती का, एवढंच त्याने विचारलं.

तात्यांना वाटलं, आता बोलण्याची वेळ आली आहे. तो बाहेर येताच त्यांनी खांद्यावरची दस्ती काढली आणि त्याच्या हातावर टाकली. त्याने "थँक यू काका" म्हणून तिला हात पुसले, केसांतल्या अक्षता झटकल्या, दस्तीची नीट घडी घातली आणि परत दिली.

नंतर त्याने किंमत सांगितली. उभ्याउभ्या, मोठ्याने, काउंटरवरच्या मुलींना, पलीकडे चहा पिणाऱ्या दोन गिऱ्हाइकांना आणि दारातल्या रखवालदाराला ऐकू जाईल अशी. मीही ती ऐकली. ती इथे देत नाही. तात्यांच्या घरात तो आकडा आजही कुणी उच्चारत नाही.

तात्यांचा चेहरा पडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. परतताना जामखेडच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा ते एकच वाक्य बोलले. "शिंगं रंगवाया गेलतो, दातच पाडून आलो बे."

पुढचे काही दिवस गाडी परसात उभी राहिली. तात्यांनी तिच्यात बसणं सोडलं. दिवाळी जवळ येत होती, म्हणजे वॉरंटी जुळत आली होती, आणि अनिताचे दिवस भरत होते. एवढ्या कमी किमतीत मोठी गाडी येणार नव्हती. विलास बापाला काही बोलला नाही. ते तात्यांना जास्त लागलं असावं. बाजारातही बातमी पोचली होती. एका हेडीने तात्यांना भर बाजारात विचारलं, "तात्या, शेळीला काय भाव आला?"  तात्यांची दस्ती खांद्यावरच राहिली.

त्याच संध्याकाळी गायकवाड गुरुजी भेटायला आले होते. गावभर झालेली गोष्ट त्यांनाही कळली होती, आणि सांत्वनाऐवजी ते शोरूमवाल्यांच्या अंधश्रद्धेवर बोलत राहिले. गाडी तीच, इंजिन तेच, नुसत्या आकड्याला घाबरतात, वगैरे. तात्या ऐकता ऐकता उठले आणि ओसरीतल्या खुंटीपाशी जाऊन उभे राहिले. गुरुजींना विकलेल्या बैलाचं दावं त्यांनी हातात घेतलं. गुरुजींचं बोलणं चालूच होतं. तात्यांनी विलासला हाक मारून विचारलं, केजच्या अंकुशरावांच्या घोड्याचं काय झालं.

अंकुशरावांचं केजला मंगल कार्यालय होतं, आणि वरातीसाठी एक पांढरा घोडा. त्या घोड्याने मागच्या हंगामात एका नवरदेवाला बँडवाल्यांवर टाकलं होतं, आणि तेव्हापासून नवरदेव त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी, पिकअप, फळ्या आणि आम्ही केजला गेलो. कार्यालयाच्या अंगणात अंकुशराव आणि त्यांच्या पत्नी होत्या. तात्यांनी आल्याआल्या पुढच्या झाकणावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. शेळी, गफूरभाई, जास्तीचे दोन हात, यंत्र, पुणेकरांचा संशय. फक्त पुण्याचा आकडा सांगितला नाही. अंकुशराव मुरलेला माणूस. त्यांना हे संशयास्पद वाटलं.

"तात्या, समदी खोड तुमीच सांगायलाव. कावून?"

"दुसऱ्यानं सांगितली तर ती खोड," तात्या म्हणाले. "मी सांगितली की ती वळख. तुमच्या नवरदेवाला रंग पातळ पायजे का जाड? वरातीत हजार हात लागतेत. पातळ रंग एका हंगामात जाईल."

मग त्यांनी नवरा-बायकोला गाडीत बसवलं, विलासला बाहेरून हात घालायला सांगून एसी पूर्ण जोरात लावला आणि दार लोटून घेतलं. आत अक्षतांचा पाऊस पडला. वहिनींनी डोक्यावर पदर घेतला आणि लाजल्या. अंकुशरावांनी डोक्यावरच्या अक्षता काढल्या नाहीत. अशी सोय कुठल्या कंपनीच्या गाडीत नाही, एवढंच तात्या बोलले.

पुण्यातल्या त्या प्रसंगानंतर गाडीत इतक्या अक्षता उरल्या कशा, हा प्रश्न मला पडला होता. त्या सकाळी घरातल्या तांदळाच्या डब्यातून दोन मुठी तांदूळ आणि देवापुढचं कुंकू कमी झालं होतं, अशी माहिती काकूंनी नंतर दिली. तात्यांनी तिला दुजोरा दिला नाही.

त्यानंतर तात्यांनी दस्ती काढली. अंकुशरावांनी हात पुढे केला. त्यांना पुसायचं नव्हतं. दस्तीखाली बराच वेळ काहीतरी चाललं होतं. अंकुशरावांनी दोनदा हात काढून घेतला आणि दोनदा परत घातला. तात्या वर, कार्यालयाच्या पाटीकडे पाहत होते. शेवटी अंकुशरावांचा चेहरा हळूहळू उतरला, मग हसला. तात्यांचा तसाच होता. भाव काय ठरला, ते मला माहीत नाही. विलासला कळला तेव्हा तो कार्यालयाच्या पायरीवर बसला, एवढं पाहिलं.

अंकुशरावांनी किल्ली मागितली. गाडीला दोन किल्ल्या असतात, आणि दुसरी किल्ली नसेल तर शोरूमवाले किंमत पाडतात, हे आम्ही पुण्यात ऐकलं होतं. तात्यांनी एक दिली. दुसरी धोतराच्या सोग्यात होती. अंकुशरावांनी ती मागितली नाही. त्यांचे आजोबा हेडी होते. दावं मागायचं नसतं हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

मोठी गाडी दिवाळीत आली. नवं मॉडेल त्यानंतर खरोखरच बाजारात आलं, आणि विलासने ती बातमी बापाला मुद्दाम फोनवर दाखवली. तात्या म्हणाले, "दिसलं मला बैलाच्या तोंडात." माघात अनिताला मुलगी झाली आणि तिघांना ऐसपैस जागा झाली. तात्या मोठ्या गाडीत फारसे रमले नाहीत. "तितं उतरून बसावं लागायचं," ते म्हणत, "हितं चढून. चढायचं वय न्हाई आता माजं."

पिवळी गाडी वरातींच्या निमित्ताने गावात येत राहिली. फळ्या तात्यांनी सौद्यात फुकट दिल्या होत्या. आमच्याकडे नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडतो. गाडी देवळासमोर थांबे, नवरदेव उतरे, चालवणारा गाडी बंद करून दार लावे. तात्यांचं घर देवळाच्या अगदी समोर. ते ओट्यावर बसलेले असत, मांडीवर दस्ती. नवरदेव देवळात गेला की दस्तीखाली थोडी हालचाल होई आणि समोर गाडीचे चारही दिवे लुकलुकत, आरसे उघडत, मिटत. चालवणारा दचके. बँडवाले मागे सरकत.

"जनावर वळख ठेवतं," तात्या शेजारच्याला सांगत. "माणूस ठेवील का न्हाई, सांगता येत न्हाई."

अंकुशरावांना हे कळलं होतं. त्यांनी चालवणाऱ्याला, गाडीला थोडा वाताचा त्रास आहे, असं सांगून ठेवलं होतं.

तात्या मागच्या माघात गेले. आजारपण असं नव्हतं. बाजाराला निघायचं म्हणून तयार झाले, सदरा घातला, दस्ती खांद्यावर घेतली आणि ओट्यावर टेकले, ते उठले नाहीत. नातीचा पहिला वाढदिवस चार दिवसांवर होता. बाजारात तेव्हा त्यांना लोक विचारत होते, हेडी त्यांच्या शब्दाला मान देत होते, मिशा काळ्या होत्या. गफूरभाई म्हणाले, "तात्या ऐन टाइम पे गये." काकू म्हणाल्या, "सोताला इकायची घाई झालती त्यास्नी, आन मला इचारलं न्हाई."

दिवस झाल्यावर विलास आवराआवर करत होता. खुंटीवरची दावी उतरवताना त्यांच्यात काळी किल्ली सापडली. हरण्याच्या दाव्याला ती बांधलेली होती. गाडी आता अंकुशरावांची, तेव्हा किल्ली नेऊन द्यावी, असं त्याला वाटलं. तो निघाला होता. काकूंनी त्याच्या हातातून ती घेतली.

"दावं देत न्हाईत," त्या म्हणाल्या.

उन्हाळ्यात एक वरात आली. तात्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, म्हणून देवळाजवळ बँड वाजवणं थांबवण्यात आलं होतं. पिवळी गाडी फळ्यांवरून चढली, उतरली आणि मारुतीसमोर उभी राहिली. त्या दिवशी अंकुशराव स्वतः चालवत होते. नवरदेव देवळात गेला. अंकुशरावांनी गाडी बंद केली, दार लावलं, आणि पाऊल टाकणार तोच गाडीचे चारही दिवे लुकलुकले. आरसे उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

अंकुशरावांनी समोरच्या ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर काकू बसल्या होत्या. मांडीवर नात होती, आणि उजवा हात पदराखाली होता.